हे नेटवर्क नाही, मी आहे

मोबाईलचा माईक बदलला की तो चालतोय का हे बघायची आमची ठरलेली रीत आहे. रेकॉर्डर उघडायचा, "हॅलो हॅलो, एक दोन तीन चार" म्हणायचं आणि लावून ऐकायचं. विट्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसातून सात-आठ वेळा तरी हे पालुपद माझ्या तोंडी असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगा दुकानात येऊन बसायला लागला तेव्हा हे काम मी त्याला दिलं. पोरगा म्हणजे दादू. हे घरातलं नाव, धाकट्या बहिणीनं पाडलेलं. तेव्हा दुसरी संपवून तिसरीत जाणार होता.

पहिल्याच फोनला त्यानं लाल बटण दाबलं आणि "ह"वर अडकला. तोंड उघडं, मान जराशी डावीकडे, डोळे घट्ट मिटलेले. स्क्रीनवर सेकंद पळत होते. तीन, चार, पाच, सहा. मग हॅलो सोडूनच दिलं आणि "एक दोन तीन चार पाच सहा सात" असं एका दमात म्हणून मोकळा झाला. लावून ऐकलं तर आधी सहा सेकंद नुसती फॅनची घरघर. काउंटरवरचं गिऱ्हाईक म्हणालं, "माईक उशिरा उचलतोय वाटतं."

दादू काही बोलला नाही. मीही नाही. गिऱ्हाइकाला "बघतो" म्हटलं आणि चांगला चालणारा माईक उगाच पुन्हा उघडला.

तोतरेपणा आमच्याकडे नवीन नव्हता. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत दादू घडाघडा बोलायचा. मग एका गणपतीत, आठवड्याभरातच, "म-म-मम्मी" सुरू झालं. बायकोला वाटलं, गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं होतं त्याची भीती बसली. माझ्या आईनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं, पोपटानं उष्टावलेला पेरू शोधून आणला. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाईल आपोआप. त्यांचं तसं चुकलं नव्हतं. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी या टप्प्यातून जातात आणि त्यातल्या बहुतेकांचं खरंच आपोआप जातं. पुढं मोठेपणी शंभरात एखादाच उरतो. पण तो एखादा कोण असणार हे वाट बघून कळत नाही, आणि आम्ही चार वर्षं वाट बघितली. मुलग्यांमध्ये हे राहण्याचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त, घराण्यात कुणाचं असेल तर आणखी. माझ्या सख्ख्या मामाला अख्खं गाव "तोतरा आण्णा" म्हणायचं. हे मला ठाऊक होतं, पण दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

आपल्या भाषेचाही यात हात आहे, असं मला आता वाटतं. चोरी पकडली गेली की माणसाची "ततपप" होते, असं आपण म्हणतो. म्हणजे अडखळणारा एकतर घाबरलेला, नाहीतर खोटं बोलणारा. दादूला वर्गात हेच ऐकावं लागायचं, "गृहपाठ केला नाहीस ना, म्हणून ततपप करतोयस."

त्या माईकच्या प्रसंगानंतर मी झडझडून कामाला लागलो. माझा धंदाच असा की कुठलीही अडचण सेटिंगमध्ये जाऊन सुटते असा माझा पक्का समज. आधी एका ऑनलाइन कोर्सला ४,९९९ रुपये भरले. "२१ दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद, गॅरंटी" अशी जाहिरात होती. श्वासाचे व्हिडिओ आणि प्रत्येक शब्द रबरासारखा ताणून म्हणायचा सराव. बाविसाव्या दिवशी फोन केला तर म्हणाले, पालकांनी नीट करून घेतलं नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

मग ॲप. डिलेड ऑडिटरी फीडबॅक नावाचा प्रकार असतो. आपण बोलायचं आणि आपलाच आवाज इअरफोनमधून जरासा उशिरा कानात पडायचा. उशीर म्हणजे सेकंदाचा विसावा भाग वगैरे, ५० ते ७५ मिलिसेकंद. अनेक तोतऱ्या माणसांचं बोलणं यानं तेवढ्यापुरतं सुरळीत होतं. का होतं, याबद्दल अभ्यासकांचं अजून पूर्ण एकमत नाही. दुसऱ्या कुणाबरोबर एकसुरात बोलल्यासारखं मेंदूला वाटत असावं, असा एक अंदाज. गंमत अशी की साध्या माणसाला हाच उशीर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा केला की तोच तोतरा होतो. बर्नार्ड ली नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९५० साली हे नोंदवलं. मी स्वतः करून बघितलं. २०० वर नेऊन दुकानाचा पत्ता सांगायला गेलो आणि "बस स्टँ-स्टँ-स्टँडच्या" करत बसलो. दादू हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता.

यात एक तांत्रिक खोच आहे, ती माझ्या धंद्यामुळे लवकर कळली. ब्लूटूथ इअरफोन घेतले की त्यातच दीड-दोनशे मिलिसेकंद जातात. ॲपमध्ये ५० लावले तरी कानात पडतं ते भलतंच. वायरचाच इअरफोन लागतो, आणि स्वस्त फोन स्वतःचा उशीर त्यात घालतो तो वेगळाच. मी गिऱ्हाइकानं मोडीत दिलेला एक बरा फोन नीट केला, वायरचा इअरफोन लावला, आणि दादूला पुस्तकातला धडा वाचायला दिला.

अख्खं पान वाचलं. एकदाही न अडता. बायको कणकेच्या हातानं दारात उभी. मी व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पंचवीस जणांचे हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे. त्याला विचारलं नव्हतं. आज ती गोष्ट मला बोचते, पण तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी थोडं कमी. आठवड्यानं आणखी कमी. वाचताना तरी काही फरक पडायचा, गप्पा मारताना जवळजवळ नाही. मी उशीर वाढवून बघितला, आवाजाची पट्टी खालीवर करून बघितली, असा रोज अर्धा तास. पंधरवड्यानं त्यानं इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

"पप्पा, म-मला नको हे."

"का रे?"

"माझ्या मागनं कोणतरी म-म-माझीच नक्कल करतंय असं वाटतं. वर्गात क-करतात तसं."

मी यंत्राचा विचार करत होतो, मिलिसेकंदांचा. तो मधल्या सुट्टीचा करत होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण मी दुसरं ॲप घेतलं, मोजायचं. मूल बोलत असताना आईनं किंवा बापानं फोन हातात धरायचा, नीट गेलेल्या अक्षराला एक बटण, अडलेल्याला दुसरं. शंभर अक्षरांमागे किती अडली याची टक्केवारी निघते आणि आलेख तयार होतो. तज्ज्ञही टक्केवारीच काढतात, त्यामुळे मला ते शास्त्रशुद्ध वाटलं. बायको पिको-फॉलचं काम आटपून रात्री जेवताना मोजायची. अडलेल्याचं बटण दाबलं की फोन थरथरायचा, आणि फोन स्टीलच्या ताटाशेजारी असला की ताट बारीक वाजायचं. हे आमच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या आठवड्यात १४ टक्के. दुसऱ्यात ११. तिसऱ्यात ६. चौथ्यात ४. मी आलेखाचा स्क्रीनशॉट बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ." तिनं उत्तर दिलं नाही. रात्री म्हणाली, "आज दिवसभरात तो काय काय बोलला सांगा बरं."

मी आठवायला लागलो. हो. नाही. माहीत नाही. कायपण. झोप आली.

"पाणी मागत नाही आता," ती म्हणाली. "उठून स्वतः घेतो. परवा पाहुण्यांसमोर लागलं तर 'ते प्यायचं दे' म्हणाला. प वरनं बोलायचंच नाही असं ठरवलंय त्यानं. मला मम्मी म्हणून हाक मारून किती दिवस झाले माहितीय? येऊन हात धरतो नुसता."

आलेख खोटा नव्हता. जेवढं बोलला त्यात खरंच ४ टक्केच अडला होता. अडणारे शब्द त्यानं आधीच बाहेर काढून ठेवले होते, जसं आपण खराब पार्ट वेगळ्या डब्यात टाकतो. त्या रात्री ॲप काढून टाकलं. काढताना त्याच्या परवानग्या बघितल्या तर महिनाभराचं आमच्या जेवणाचं रेकॉर्डिंग कुठल्यातरी सर्व्हरवर गेलेलं होतं. दुसऱ्यांच्या फोनमध्ये मी हे रोज तपासून देतो.

मग खऱ्या माणसाचा शोध, म्हणजे स्पीच थेरपिस्टचा. विट्यात या कामाचं कुणी नव्हतं. सांगली-मिरजेला जायचं तर दर आठवड्याला दुकान अर्धा दिवस बंद आणि त्याची शाळा बुडणार. मुंबईत बांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची केंद्र सरकारची, म्हैसूरलाही मोठी संस्था आहे. अशा ठिकाणांहून शिकलेले लोक आता व्हिडिओ कॉलवर बघतात, हे एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्यांच्या पुतणीचं चालू होतं. एक गोष्ट त्यांनी नीट बजावली, आधी आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागायचा. भारतीय पुनर्वास परिषदेची ती नोंदणी असते. मागितल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जायचं नाही. २१ दिवसवाल्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

पुण्याच्या एक मॅडम मिळाल्या. दर गुरुवारी संध्याकाळी पाऊण तास. पहिल्या दिवशी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. त्या दादूला बोलायला लावतील आणि काहीतरी मोजतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याला दुकानात काय काय असतं ते चित्रात काढून दाखवायला सांगितलं. त्यानं हीट गन काढली, स्क्रू ड्रायव्हरचा सेट काढला, फुटलेला डिस्प्ले काढला. त्या विचारत गेल्या, तो सांगत गेला, अडत अडत. डिस्प्लेची काच वेगळी कशी करतात हे त्यानं त्यांना चार मिनिटं सांगितलं. एवढं मला एका दमात त्यानं कित्येक महिन्यांत सांगितलं नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं आमची. बायकोनं कुत्र्याचं विचारलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, भीतीनं तोतरेपणा लागत नाही, लाडानं नाही, रागावल्यानं नाही. मेंदूत बोलण्याच्या ज्या जोडण्या असतात त्यांच्या घडणीतला तो फरक आहे आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. बायको उठून आत गेली. चार वर्षं तिनं त्या दिवशी दार उघडं कसं राहिलं याचा हिशोब मांडला होता.

मग मला म्हणाल्या, "रेकॉर्डिंग आवडतं ना तुम्हाला? जेवतानाचं पाच दिवस करून ठेवा. एकदम साधं, ॲप नको. दादूला विचारून करा. आणि त्याचं ऐकू नका. तुमचं ऐका."

दुकानात जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर ऑडॅसिटी टाकलं, आवाज कापायचं-जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंग उघडलं की आवाजाच्या निळ्या लाटा दिसतात. फोन माझ्या बाजूला असल्यानं माझ्या लाटा डोंगरासारख्या, दादूच्या बारीक. त्याचं अडणंही दिसतं. दोन बारीक लाटांमध्ये सपाट रेघ, नाहीतर एकसारखे छोटे ठिपके ओळीनं. दुकान बंद करून रात्री मी सहा मिनिटांचा तुकडा घेतला आणि कागदावर नोंदी केल्या.

सहा मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते. आज काय शिकवलं, डबा संपवला का, का नाही संपवला, कोणाशी भांडलास, मग बाई काय म्हणाल्या. त्याचं वाक्य संपल्यापासून माझं सुरू होईपर्यंतची जागा मोजली. अर्ध्या सेकंदाच्या वर क्वचितच. नऊ वेळा तर त्याचं संपलंच नव्हतं, त्याच्या सपाट रेघेच्या मधोमध माझा डोंगर उगवला होता. त्यातल्या पाच वेळा त्याचा शब्द मीच पूर्ण केला होता, दोनदा चुकीचा. तो "क-क-क" करत होता, मी म्हणालो "कबड्डी?" तो "हो" म्हणाला. थोडं पुढं ऐकलं तर बहिणीला सांगत होता, कविता पाठ करायची आहे. माझ्या चुकीच्या शब्दाला त्यानं "हो" म्हणून सोडून दिलं होतं, वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं म्हणून.

आणि सात वेळा "सावकाश बोल". माझं सगळ्यात लाडकं वाक्य, आणि सातही वेळा घाईघाईत म्हटलेलं.

बायकोचे आकडे माझ्या निम्मे होते. माझ्या आईचे शून्य, कारण ती कुणाला काही विचारतच नाही, स्वतःच बोलत असते. रेकॉर्डिंगमध्ये दादू सगळ्यात जास्त बोलला होता ते तिच्याशी.

गुरुवारी मी कागद मॅडमना दाखवला आणि म्हटलं, म्हणजे हे माझ्यामुळेच. त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्यामुळे तो अडखळत नाही आणि तुम्ही बदललात म्हणून बंदही होणार नाही. पण पुढच्याची गाडी घाटात असली की मागच्यानं हॉर्न वाजवू नये." घरी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी, पाच-पाच मिनिटं, त्यानं सांगितलेला खेळ खेळायचा, मी कमी विचारायचं, त्याचं संपलं की थांबून मग बोलायचं. लंडनच्या मायकेल पेलिन सेंटरनं लहान मुलांसाठी बसवलेल्या पद्धतीतलं हे आहे, त्यांनी ते दादूच्या वयाला जुळवून घेतलं. त्याच सुमारास त्यांनी लिडकोम पद्धतीबद्दलही सांगितलं. सिडनीत तयार झालेली, मुख्यतः सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी, आईबापांनीच रोज घरी करायची, तज्ज्ञानं आठवड्याला मार्ग दाखवायचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ती वेबकॅमवरून केली काय आणि समोर बसून केली काय, परिणाम सारखाच निघाला होता. ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट. दादू साडेतीनचा होता तेव्हाही माझ्या खिशात फोन होता, दुकानात वायफाय होतं.

थांबणं सोपं नाही, हे लिहून ठेवतो. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचो. पहिल्या आठवड्यात दादूच म्हणाला, "पप्पा, तुमचं ल-लक्ष कुठाय?"

व्हिडिओ कॉलच्या स्वतःच्या भानगडी. आमच्याकडे संध्याकाळी नेट रडतं. दादू बोलता बोलता थांबायचा आणि मॅडमना कळायचं नाही की शब्द अडला की चित्र अडलं. तिकडून त्या म्हणायच्या, "आवाज येत नाहीये, दादू, ऐकू येतंय का?" आणि बिचारा आधीच "प"शी झुंजत असायचा. उलटंही व्हायचं. नेट खरंच गोठलेलं आणि त्या शांतपणे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत बसलेल्या, आम्ही इकडे "हॅलो मॅडम, मॅडम" करतोय. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी दादूनं त्यावर स्वतःच तोड काढली. शब्द अडला की एक बोट वर करायचं. अर्थ विचारला तर म्हणाला, "म्हणजे हे न-नेटवर्क नाही, मी आहे."

मॅडम खो खो हसल्या. मग एकदम गप्प झाल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अडलं की डोळे मिटणारा, मान फिरवणारा पोरगा आता अडल्यावर कॅमेऱ्याकडे बघत बोट वर करत होता. मीही तेव्हा नुसता हसलो होतो. त्याचा अर्थ मॅडमनी पुढच्या आठवड्यात समजावून सांगितला तेव्हा मला कळला. आपण अडतोय हे तो लपवत नव्हता, जाहीर करत होता.

मुद्दाम तोतरं बोलायचा एक खेळ असतो. मुलानं आपणहून, हवं तेव्हा, हलकंसं अडायचं, म्हणजे अडण्याची धास्ती कमी होते. आम्हालाही करायला लावलं. मी "भ-भ-भाजी दे" म्हणालो तर दादू मास्तरासारखा म्हणाला, "पप्पा, खोटं वाटतंय. तुमचं ओठातनंच येतंय. घ-घशातनं आलं पाहिजे." त्यानं मला अर्धा तास शिकवलं. आई देवापुढं बसून हे ऐकत होती. तिनं तिथूनच विचारलं, "आता बापाला पण लागलं का?"

बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, तीही वापरून बघितली. त्यात त्यानं "क-क-कविता" म्हटलं की "काका कविता" उमटायचं. त्याला ते इतकं आवडलं की मुद्दाम करायचा आणि बहिणीला दाखवायचा. बोलक्या स्पीकरनं मात्र वैताग दिला. पाहुण्यांच्या घरी एक होता. दादू शब्दावर थांबला की ते यंत्र मध्येच "मला समजलं नाही" छापाचं काहीतरी हिंदीत बोलून बंद व्हायचं. "हिला पण थ-थांबता येत नाही," तो म्हणाला, माझ्याकडे बघत. आयफोनमध्ये सिरीनं किती वेळ थांबावं हे वाढवायची सोय २०२२ पासून आहे, ॲक्सेसिबिलिटीमध्ये. दुकानात आलेल्या एका जुन्या फोनवर मी ती दाखवली. सगळ्यात जास्त थांबायचं लावलं. त्यानं दोन प्रश्न विचारले, उत्तरं मिळाली, आणि त्याचा त्यातला रस संपला.

शाळेत कविता म्हणून दाखवायची वेळ आली तेव्हा मी बाईंना भेटून म्हटलं, घरून व्हिडिओ करून पाठवला तर चालेल का. बाई भल्या, लगेच हो म्हणाल्या. मला वाटलं, किती छान मार्ग. रविवारी सकाळी दादू गच्चीवर फोन घेऊन गेला तो दीड तास खाली आला नाही. बघायला गेलो तर चौदावा प्रयत्न चालू होता. जरा अडलं की डिलीट. डोळे लाल, घसा बसलेला. वर्गात म्हटली असती तर दोन मिनिटांत सुटला असता. डिलीट बटणापुढं सुटकाच नव्हती. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, उरलेत त्यातले तीन ठेवा आणि त्याला विचारा, यातल्या कुठल्यात कविता जास्त कळते. त्यानं मधला निवडला. त्यात दोन ठिकाणी चांगला अडलाय, पण पावसाच्या ओळीला हात वर केलाय. तो पाठवायचा की वर्गात म्हणायची हेही त्यालाच ठरवू द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यानं पाठवला. पुढच्या वेळी, दिवाळीनंतर, वर्गात म्हटली, पण बाईंना सांगून शेजारच्या मुलाबरोबर जोडीनं. आकडे म्हणताना अडत नाही तसंच एकसुरात म्हटलं तरी अडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बाईंना वाटलं बरा झाला. आरतीच्या वेळी पाहुण्यांनाही तसंच वाटतं, आणि नंतर प्रसाद मागताना अडला की म्हणतात, आता का नाटकं करतोय.

२२ ऑक्टोबर हा तोतरेपणाविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस, १९९८ पासून पाळतात. त्या दिवशी मॅडमनी त्यांच्याकडच्या पाच मुलांचा एकत्र कॉल ठेवला. आईबापांनी खोलीबाहेर जायचं, ही अट. मी दाराबाहेर उभा राहिलो, ऐकायला नाही असं म्हणत. आत एकदम शांतता, मग हशा, मग पुन्हा शांतता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ए-एक मुलगी आहे नाशिकची. तिची पण ग-गाडी म वरच अडकते. ती आईला 'ए आई'च म्हणते, पहिल्यापासून." आणि स्वयंपाकघरात जाऊन, दीडेक सेकंद म वर थांबून, हाक मारली, "म-म-मम्मी, भूक लागली."

बायको गॅसकडे तोंड करून उभी होती, तशीच राहिली थोडा वेळ.

आता तो पाचवीत आहे. तोतरा आहे. परीक्षेच्या दिवसांत जास्त, सुट्टीत कमी, आणि कधी कधी काहीच कारण नसताना खूप जास्त. मॅडमचा गुरुवार आता महिन्यातून दोनदा. मोजदाद आम्ही करत नाही. रविवारी बायको कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी, किती अडलं याचा, शून्य ते नऊमधला एक आकडा लिहिते, तोही दादूला विचारून, आणि तो तिच्यापेक्षा नेहमी एक कमी सांगतो. घरच्या ग्रुपवरचा तो जुना व्हिडिओ मी काढायला गेलो तर इतक्या दिवसांनी माझ्या फोनमधूनच निघाला, सगळ्यांच्या नाही. भाऊबंदांना एकेकाला फोन करून काढायला लावला. दोघांनी विचारलं, इतका चांगला तर बोललाय, काढायचा कशाला.

परवाच्या गुरुवारी ऐन वेळेला लाइट गेली, टॉवरही बंद पडला, कॉल झाला नाही. रात्री नेट आल्यावर दादूनं बायकोचा फोन घेतला आणि गच्चीवर जाऊन मॅडमना व्हॉइस मेसेज केला. एका दमात, परत न करता. एक मिनिट बावन्न सेकंदांचा आहे. त्यांच्याकडून निळ्या टिका आल्यात, अंगठा आलाय. फोन इथंच चार्जिंगला लावलेला आहे. मी तो मेसेज ऐकलेला नाही.